किसनरावांचं रक्त

रश्मी पडली तेव्हा शेवटचं वळण संपून सरळ पट्टा लागला होता. अमरावतीच्या त्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं-पोरी दिवस उगवायच्या आधीपासून धावतात. वीस वर्षांची रश्मी दीड वर्षापासून रोज तिथं यायची. मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, आणि त्या महिन्यात तिची वेळ पहिल्यांदा तीन मिनिटांच्या आत आली होती. तिचे वडील संघपाल घड्याळ धरून रेषेपाशी उभे होते. पोरगी आधी गुडघ्यावर बसली, मग तोंडावर आडवी झाली. त्यांना वाटलं, दम लागला. ते तिथूनच म्हणाले, "ऊठ बेटा, पन्नासच मीटर राह्यले."

दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत बाकीच्या पोरी धावायच्या थांबल्या होत्या.

ज्योत्स्नाला फोन आला तेव्हा ती अकोल्यात दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती. संघपाल तिचा मोठा भाऊ, एसटीत कंडक्टर. ती स्वतः एका खाजगी हृदयरोग दवाखान्यात अठरा वर्षांपासून ईसीजी काढायचं काम करायची. रोज पन्नास-साठ छात्यांना तारा चिकटवायच्या, कागद काढायचा, डॉक्टरांपुढं ठेवायचा. फोन ठेवला आणि ती आल्या पावली फिरून अमरावतीच्या गाडीत बसली.

शवविच्छेदनात काही निघालं नाही. हृदय चांगलं, फुप्फुसं चांगली, मेंदू चांगला. मृत्यूचं कारण 'अनिश्चित'. जिथं कारण सापडत नाही तिथं लोक आपल्या घरून एखादं आणून ठेवतात. भरतीची पोरं दम वाढवायला इंजेक्शनं घेतात, हिनंही घेतलं असेल, असं वस्तीत बोललं जाऊ लागलं. रश्मीची आई ललिता ते ऐकत होती. पुण्यानुमोदनाच्या विधीला पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसलेली ती एकदाच बोलली.

"माह्या पोरीनं दुसरा चहा बी कधी मागतला नाई."

ज्योत्स्ना तिच्या शेजारीच बसली होती. तिनं मान खाली घातली, कारण तिच्या मनात त्या वेळी वेगळंच काहीतरी चाललं होतं.

रश्मी याआधी दोनदा पडली होती. एकदा शाळेतल्या शर्यतीत, आणि एकदा चिखलदऱ्याच्या सहलीत, मैत्रिणींशी पैज लावून चढावर पळताना. दोन्ही वेळा मिनिटभरात शुद्धीवर आली. कोणीतरी मिरगी म्हटलं, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि ललिता रोज संध्याकाळी आपल्या हातानं ती गोळी पोरीच्या तळहातावर ठेवायची. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत रश्मी आत्याकडं अकोल्याला आली, तेव्हा ज्योत्स्नानं जेवणाच्या सुट्टीत तिला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढला होता. छातीवर थंड जेल लागला तशी रश्मी हसायला लागली, म्हणून पहिला कागद बिघडला आणि दुसरा काढावा लागला. दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात यंत्रानं 'बॉर्डरलाइन' असं छापलं होतं. ते यंत्र निम्म्या जगाला बॉर्डरलाइन म्हणायचं. ठोके एका अंतरानं पडत होते. डॉक्टर आत एका पेशंटची अँजिओप्लास्टी करत होते. ज्योत्स्नानं भावाला फोन लावला आणि सांगितलं, "दादा, हार्ट एकदम ठीक हाय पोरीचं."

पुण्यानुमोदनानंतर ती कामावर परतली. त्या दिवशीचे पेशंट संपल्यावर तिनं यंत्राच्या साठवणीतून तीन वर्षांपूर्वीचा तो कागद शोधून काढला. पट्टी घेऊन बसली आणि यंत्राच्या आकड्यावर न विसंबता एकेक लाट हातानं मोजली. ठोका सुरू होतो तिथपासून शेवटची लाट विरते तिथपर्यंतचं अंतर. ते असायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त होतं. नवख्या पोरीलाही दिसलं असतं, तिनं मोजलं असतं तर.

डॉक्टर गावंड्यांनी कागद उजेडात धरला.

"कुणाचा?"

"माझ्या भाचीचा. गेली ती."

"आणि हा कधीचा?"

"तीन वर्षांपूर्वीचा. मीच काढला होता."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, मग दार लावून घ्यायला सांगितलं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते समजावूनच सांगत राहिले. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हावं लागतं. काही घरांत त्या तयारीचा एक जनुक बिघडलेला असतो. हजारो अक्षरांत एखादंच अक्षर बदललेलं असतं, पण तेवढ्यानं हृदयाची तयारी लांबते. बसल्या जागी काही कळत नाही. पळताना, पोहताना ठोके घाई करतात, तयारी व्हायच्या आत पुढचा ठोका येतो, लय तुटते आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. बरेचदा लोक त्याला मिरगी समजतात.

"हे आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडून येतं," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तुमच्या घरात आणखी कोणी असं अचानक गेलंय? तरुण वयात? खेळताना, पोहताना?"

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. आणि मग तिला नागसेनदादा आठवला.

नागसेन तिचा सगळ्यात मोठा भाऊ. त्यांचे वडील किसनराव तेव्हा मोर्शीला तलाठी होते. नागसेन बारावीत दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी घरात पाहुणे होते, आणि पाहुण्यांदेखतच किसनरावांनी एकोणीस वर्षांच्या पोराच्या कानफटात लगावली. दुसऱ्या दिवशी दुपारी धरणाच्या पाण्यात त्याचं प्रेत तरंगताना दिसलं. पोरगा पट्टीचा पोहणारा होता. त्याच पाण्यात रोज उडी मारायचा, मोर्शीतल्या कितीतरी पोरांना त्यानं हात धरून पोहायला शिकवलं होतं. म्हणूनच कोणाला शंका उरली नाही. ज्याला पोहता येत नाही तो बुडतो, आणि ज्याला येतं तो बुडाला तर त्यानं बुडायचं ठरवलेलं असतं, असं गावानं धरलं, पोलिसांनी लिहिलं आणि घरानं मानलं. ज्योत्स्ना तेव्हा अकरा वर्षांची होती.

तिची आई वच्छला त्यानंतर वीस वर्षं जगली. नवऱ्याला ती एकही वाकडा शब्द बोलली नाही. दोन्ही वेळेला ताट वाढून पुढं ठेवायची आणि आत निघून जायची. 'जेवा' मात्र कधी म्हटलं नाही. किसनराव थोडा वेळ ताटाकडं पाहत आणि मग खाली मान घालून जेवत. ज्योत्स्ना ते पाहत मोठी झाली. आईच्या शेवटच्या आजारात बाबा तिच्या खाटेशी दिवसदिवस बसून राहत, पण त्या गोष्टीवर दोघांनी चकार शब्द काढला नाही.

घरच्यांचं रक्त तपासायला दूर पाठवलं. आधी रश्मीच्या धाकट्या बहिणीचं, आचलचं. ती चौदा वर्षांची होती, शाळेच्या कबड्डी संघात होती, आणि तिचा ईसीजीही लांबलेला निघाला होता. तिच्यात जे सापडलं तेच मग बाकीच्यांत शोधलं. दोन-अडीच महिने गेले. फेब्रुवारीत डॉक्टरांनी ज्योत्स्नाला बोलावून कागद वाचून दाखवले. आचलमध्ये तो बदल आहे. संघपालमध्ये आहे. ललितेत नाही. किसनरावांत आहे.

"म्हणजे तो वडिलांकडून आला," डॉक्टर म्हणाले. "शहात्तर वर्षं त्यांना काही झालं नाही, असंही होतं. का होतं, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. आणि ज्योत्स्ना, तुमच्यात नाही. मुलांची काळजी करू नका."

तिला आपली दोन्ही मुलं दिसली, शाळेच्या गणवेशात. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच इतकी लाज वाटली की तिनं डॉक्टरांची नजर चुकवून कागद घडी करायला घेतले. तिच्या हातून तो कागद वाचायचा राहिला आणि तिचंच घर वाचलं.

त्या रविवारी ती अमरावतीला निघाली. किसनराव संघपालकडेच राहायचे. बाबांना नागसेनबद्दल सांगायचंच, हे तिनं पक्कं केलं होतं. ते कळलं की हे कोणाकडून आलं, हा पुढचा प्रश्न येणार, हेही तिला माहीत होतं. मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत तिनं एक खोटं मनात घोळवलं. आई जाऊन दहा वर्षं झाली. तिचं रक्त आता कोण तपासणार? रिपोर्ट इंग्रजीत. आईचं नाव सांगितलं तर म्हातारा सुटतो.

किसनराव अंगणात सूप घेऊन हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"बाबा, नागसेनदादानं जीव नव्हता दिला."

त्यांचा हात थांबला. "कोनं सांगतलं?"

तिनं सगळं सांगितलं, जमेल तितक्या साध्या शब्दांत. रश्मीचा आजार तोच नागसेनचा. पाण्यात हातपाय मारता मारता हृदय थांबलं. ओरडायलाही वेळ मिळाला नसेल.

"म्हंजे तो पोहालेच गेलता," किसनराव म्हणाले.

"हो. रोजच्यासारखा."

"आदल्या दिसाची थापड..."

"तिचा काही संबंध नाही, बाबा."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "तुह्या मायले हे माईत नव्हतं."

"नाही."

"वीस वर्स तिनं मले जेवा नाई म्हटलं. मी म्हनो, बराबर हाय तिचं. मीबी स्वतःले नसतं म्हटलं." ते थांबले. "आता सांग. हे पोराले आलं कुठून? आमच्याइकडून का तुह्या मायकडून?"

खोटं ओठांवर तयार होतं. ज्योत्स्नानं बाबांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला ते बोलता आलं नाही.

"तुमच्याकडून."

"बरं झालं," किसनराव लगेच म्हणाले. "तिच्याकून असतं त मेल्यावरबी तिच्यावर आळ आला असता. लय सोसलं तिनं."

त्यांनी एक घाटा उचलला, सोलला आणि दाणा तसाच बोटांत धरून ठेवला.

"मंग थापडीनं नाई त रक्तानं. मारलं त म्याच. पोराले बी आन नातीले बी."

"असं नसतं बाबा. कोणी ठरवून देत नाही."

"माईत हाय मले. पन देल्लं ना." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तू मायचं नाव सांगतलं असतं त मले समजलं नसतं. नाई सांगतलं, ते चांगलं केलं."

ते वाक्य तिला नको होतं. ती उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

ललिता ओट्याशी उभी राहून आचलच्या गोळ्यांचे पात्यानं दोन दोन तुकडे करत होती. संघपाल ड्यूटीवर होते, आचल मैत्रिणीकडं गेली होती. ज्योत्स्ना दारातच थांबली आणि तिथूनच बोलली. दिवाळीचा तो कागद. कोपऱ्यातला शब्द. मोजलं नाही, डॉक्टरांना दाखवलं नाही, ठीक आहे म्हणून कळवलं. बोलताना तिनं स्वतःला कुठंही वाचवलं नाही.

ललितेनं हातातलं पातं खाली ठेवलं.

"हे मैदानावर जाऊ देत नव्हते तिले," ती म्हणाली. "पडते म्हनून. मीच म्हटलं, आत्यानं पाह्यलं ना, मंग काहून अडवता पोरीले. माईत हाय तुमाले?"

ज्योत्स्नाला हे माहीत नव्हतं.

"आन आज काहून सांगून राह्यल्या, ताई?"

"लपवणं होत नव्हतं, वहिनी."

"म्हंजे तुमी हलक्या झाल्या." ललितेचा आवाज चढला नव्हता. "आन मी हे कुठी ठेवू? हे रोज रात्री घड्याळ काढून बसतात आन म्हनतात, म्या तिले ऊठ म्हटलं. मामंजी म्हनतीन, माह्यं रक्त. तुमी म्हनता, माहा कागद. सगळ्याइले आपापलं सांगाले मीच सापडली. मिरगीची गोळी त म्या देल्ली तिले. तीन वर्सं, माह्या हातानं. देऊन वरून पानी पाजलं. मी कोनाले जाऊन सांगू?"

माफ करा म्हणायला ज्योत्स्नानं तोंड उघडलं, पण माफी मागण्याचासुद्धा भार त्याच बाईवर पडणार होता.

"आचलचा कागद यापुढं दुसऱ्या कोनी काढावा," ललिता म्हणाली. "तुमी नाई." आणि तिनं पातं उचलून पुढची गोळी कापायला घेतली.

तेव्हापासून ललिता तिच्याशी बोलली नाही. दर तीन महिन्यांनी आचलला तपासणीला आणलं की ती पोरीबरोबर खोलीत जायची आणि ज्योत्स्ना बाहेर जिन्यापाशी उभी राहायची. आचलची कबड्डी सुटली. पहिले काही आठवडे तिनं गोळ्या गादीखाली सारल्या होत्या. ते सापडलं त्या दिवशी ललितेनं तिला मारलं आणि नंतर मिठी मारून बसली, असं संघपालनं फोनवर सांगितलं. संघपाल स्वतः गोळी घेत होते, बायको समोर उभी राहायची म्हणून. एकदा बस भरलेली असताना ते मध्येच "ऊठ बेटा" म्हणाले आणि सीटवर झोपलेली एक अनोळखी मुलगी दचकून उभी राहिली. त्यानंतर त्यांनी महिनाभर रजा काढली.

किसनरावांचं मात्र वेगळंच सुरू झालं. डॉक्टर म्हणाले होते की भावाबहिणींच्या घरीही हे असू शकतं, सगळ्यांना कळवायला हवं. संघपालचा त्याला विरोध होता. पोरीबाळींची घरं आहेत, नाव निघालं की सोयरिकी मोडतात. किसनराव ऐकून घ्यायचे आणि शर्ट घालून तयार व्हायचे. एप्रिलमध्ये ते ज्योत्स्नाला घेऊन मोर्शीला गेले, त्यांच्या बहिणीकडं, दुर्गाबाईकडं. दुर्गाबाईचा मुलगा देवमन याचं संत्र्याच्या पेट्यांचं काम होतं आणि त्याच्या मोठ्या मुलीचं, करुणाचं, लग्न मे महिन्यात ठरलं होतं. घराला नवा रंग लागला होता.

किसनरावांनी पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. काही लपवलं नाही. "माह्या रक्तात हाय," ते म्हणाले. "दुर्गेच्या बी असू शकते. पोरीइच्या हार्टची एक पट्टी काढून घ्या, देवमन. दहा मिनिटाचं काम हाय."

देवमननं ज्योत्स्नाकडं पाहिलं, मग मामाकडं. "मामा, लग्नाले वीस दिवस राह्यले. तुमी असं तोंडातून काढू कसे शकता?"

"काढलं नाई म्हनून त पोरगी गेली."

"तुमची गेली. आमच्या घरात कोनी मेलं नाई." देवमन उठून दारापाशी गेला. "चहा घ्या आन निघा. आन हे भाईर कुठी बोलू नका."

दोघं एसटी स्टँडवर येऊन बसली. गाडीला अवकाश होता. थोड्या वेळानं स्कार्फ बांधलेली एक मुलगी स्कूटी लावून त्यांच्याकडं आली. करुणा होती, आतल्या खोलीतून तिनं सगळं ऐकलं होतं. ती बसली नाही, उभ्याउभ्याच बोलली.

"आत्या, मी दोनदा पडली आहे. एकदा कॉलेजच्या ग्राउंडवर, एकदा नदीत. घरी कोनालेच सांगतलं नाई."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच अकोल्याला आली. ज्योत्स्नानं ईसीजी काढला, हातानं मोजला, पुन्हा मोजला आणि कागद स्वतः डॉक्टरांच्या हातात दिला. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. जाताना करुणानं विचारलं, "त्याइले लग्नाआधी सांगू का नंतर?"

"आधी," ज्योत्स्ना म्हणाली.

लग्न आठ दिवसांत मोडलं. मुलाकडच्यांनी कारणही लपवलं नाही, त्यामुळं ते तालुकाभर झालं. देवमननं फोन करून किसनरावांना म्हटलं की तुम्ही आम्हाला मेलात. करुणानं घर सोडलं. ती अमरावतीत एका पतपेढीत कामाला लागली, खोली करून राहते, गोळी चुकवत नाही. महिन्यातून एकदा ज्योत्स्नाला फोन करते. लग्नाचा विषय दोघी काढत नाहीत.

करुणाची धाकटी बहीण अजून तपासलेली नाही. ती कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते. देवमन तिला पाठवत नाही, आणि पोरगी लहान आहे, बापाच्या शब्दाबाहेर जात नाही.

त्या धाकटीच्या तपासणीसाठी किसनराव दर पंधरा दिवसांनी मोर्शीला जातात. देवमन दार उघडत नाही. ते ओट्यावर तासभर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम न करता, जयभीम न करता, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतात.